आडवं व्हायची भीती

ये गं, अशी जवळ बस. तिथं उंबऱ्यापाशी नको, इथं माझ्या बाजूला गादीवर ये. आणि खरं सांग, किती दिवस झाले तुला चक्कर येतेय? बघ, बोलली नाहीस. म्हणजे बरेच दिवस झाले. घरात सांगितलंस? तेही नाही. ‘उपासामुळे असेल, उन्हामुळे असेल, वय झालं’ असं स्वतःलाच समजावत, भिंतीला हात लावत लावत न्हाणीत जातेस, आणि कुणी बघितलं तर चप्पल शोधत असल्यासारखं दाखवतेस. मला नको सांगूस, मीही हेच केलंय. रागावते म्हणून तोंड फिरवू नकोस. फिरवायचंच असेल तर हळू फिरव.

तू म्हणजे कोण, ते मला माहीत नाही. हे वाचता वाचता जिनं नकळत खाटेची कड धरलीय, ती तू. मी फार शिकलेली नाही. गावच्या शाळेत जेवढं होतं तेवढंच, पुढचं आपल्या आपण. हाताला लागेल ते वाचत आले, औषधाच्या डबीतला घडी घातलेला कागदसुद्धा. त्यामुळे लिहिते तेही बोलल्यासारखंच.

माझं माहेर धुळ्याकडचं, सासर रावेर तालुक्यातलं, केळीच्या बागांमधलं गाव. नवरा जाऊन काही वर्षं झाली. एकुलती मुलगी, रेखा, धुळ्याला दिलेली. शेत माझे थोरले दीर बघतात, त्यांना सगळे नाना म्हणतात, मला अक्का. घर माझं मी बघते. एकटी राहते, आणि मला एकटी राहायला आवडतं. माझा चहा माझ्या वेळेला, माझं अंगण माझ्या झाडूनं. त्या चक्करेनं हे सगळं माझ्या हातातून जवळजवळ काढून घेतलं होतं, म्हणून हे लिहायला बसले.

कूस बदलली तेव्हा

श्रावण लागला होता. सकाळी जाग आली, उजव्या कुशीवर वळले, आणि खोली फिरली. फिरल्यासारखी वाटली नाही गं, फिरली. पंखा छतावरून घसरत भिंतीवर आला, भिंत खाली गेली, खाली गेलेली भिंत पुन्हा वर. जत्रेतल्या पाळण्यात बसवून कुणी निघून जावं, आणि थांबवणारा कुणी नसावा, तसं. मी दोन्ही हातांनी पलंगाची कड धरली. हाक मारायला तोंड उघडलं तर आवाज निघेना. मनात एवढंच आलं की आपण मरतोय, आणि दाराची कडी आतून लावलेली आहे.

निपचित पडून राहिले तशी खोली हळूहळू जागेवर आली. अंग घामानं चिंब. माझ्या भावाला लकवा मारला होता, त्याचीही सुरुवात चक्करेनंच झालेली. म्हणून आधी पायाची बोटं हलवून बघितली. जीभ इकडून तिकडे फिरवली. मग स्वतःचं नाव मोठ्यानं म्हटलं. नाव नीट आलं. कुणी बघितलं असतं तर म्हातारी खुळी झाली म्हटलं असतं.

उठून बसताना पुन्हा तेच. मग दिवसभर काही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा.

कुणाला सांगितलं नाही, कारण कानबाई तोंडावर आली होती.

नमस्कार

खानदेशातल्या बायकांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते. आमच्याकडे श्रावणातल्या रविवारी कानबाई बसते. नारळाला डोळे, नथ, दागिने घालून देवी चौरंगावर बसवायची. भाऊबंदांतल्या माणसांच्या नावानं गहू मोजून घ्यायचे, दळायचे, त्या पिठाचा रोट भाऊबंदांनीच मिळून संपवायचा. सोमवारी वाजतगाजत देवीला नदीवर न्यायचं. यंदा कानबाई विमलबाईंच्या घरी होती. विमलबाई म्हणजे नानांची बायको, माझी मोठी जाऊ.

मी दोन दिवस तिथंच राबत होते, पण मान ताठ धरून. वरच्या फळीवरचा डबा काढायचा नाही, खाली पडलेलं उचलायचं नाही. विमलबाईंच्या नजरेतून काही सुटत नाही.

‘काय व शांते, मान काहून अशी धरली? नव्या नवरीसारखी चालू राह्यली.’

‘उशी चुकली.’

‘या वयात उशी चुकते व्हय?’ म्हणून हसल्या आणि पुरण घाटायला गेल्या.

सोमवारी सकाळी देवी उचलायच्या आधी सगळ्या जणी डोकं टेकवत होत्या. माझी पाळी आली. गुडघ्यावर बसले, कपाळ जमिनीला लावलं, आणि वर उठले.

चौरंग, नथ, लाइटच्या माळा, बायकांची तोंडं, सगळं एका बाजूला पळायला लागलं. डोकं सावरायला गेले तर डोकंच डोलायला लागलं. डोळे जागेवर राहीनात. घशातून कसलातरी आवाज निघाला. आणि आमच्यात, कानबाईपुढे, बाईचं डोकं डोललं, बुबुळं फिरली आणि घशातून असा आवाज आला, की त्याचा एकच अर्थ होतो.

‘आली. माय आली. अक्काच्या अंगात आली.’

डफवाल्यानं हात जोरात चालवला. कुणीतरी माझा अंबाडा सोडला. कुणीतरी कपाळभर हळद-कुंकू फासलं. मला, नवरा नसलेल्या बाईला. तेवढ्या भीतीतही ते मला कळलं.

‘मला धरा,’ मी म्हणाले.

‘धरलं माय, धरलं. तुले सोडत नाही आम्ही.’ आणि दोघींनी दंडाला धरून मला उभं केलं, नाचवायला.

एक जण पायाशी आडवी झाली. ‘माय, माह्या पोराचं लग्न कधी जमन?’

‘मला खाली बसवा.’

‘बसवतो माय. आधी एवढं सांग.’

तुला सांगते, आयुष्यात इतकी भ्याले नव्हते. मरणाला मी तोवर एकदोनदा जवळून बघितलं होतं, पण हे वेगळं होतं. इतक्या बायका, सगळ्या माझ्या ओळखीच्या, जिव्हाळ्याच्या, आणि त्यांतल्या एकीलाही मी दिसत नव्हते. मी जे बोलेन ते देवीचं. मी रडले तरी ते देवीचं रडणं.

मग मी ओकले. भडभडून, विचारणारीच्या पाठीवर.

विमलबाई गर्दी ढकलत आल्या. ‘अवं, देवी ओकते का कधी? सोडा तिले. चक्कर आली तिले. डफ बंद कर रे. गाडी काढा कोणीतरी.’

त्यांनी मला खाली बसवलं, पाठीशी स्वतः बसल्या आणि माझं डोकं दोन्ही हातांत घट्ट धरून ठेवलं. हलू दिलं नाही. तेव्हा कुठं घर थांबलं.

माझी देवीवर श्रद्धा आहे, आजही आहे. ज्या खरंच डोलतात त्यांच्याबद्दल मी काही बोलत नाही. पण त्या दिवशी आलेली देवी नव्हती, हे मला माझ्या पोटातून कळत होतं. तरी पुढं काही दिवस बायका दाराशी येत राहिल्या. एक म्हातारी म्हणाली, ‘आलती ती. तुले झेपली नाही.’ ती गेल्यावर माझ्या मनात नवीनच किडा वळवळायला लागला. लकवा तर होताच मनात, आता देवीचा कोपही.

बसून झोपणं

रावेरच्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, गोळ्या दिल्या, बीपी ठीक आहे म्हणाले. पुन्हा झालं तर जळगावला मोठ्या दवाखान्यात दाखवा म्हणाले. गोळ्यांनी डोळ्यांवर झापड यायची, पण आडवी झाले की खोली फिरायचीच.

म्हणून मी आडवी होणं सोडलं.

भिंतीशी दोन उशा, एक गोधडी, आणि बसून झोपायचं. जरा डुलकी लागून मान कलली की दचकून जागी. अंघोळ करताना डोळ्यांत साबण गेला तरी डोळे मिटायचे नाहीत, कारण मिटले की तोल जायचा. अंगणात झाडू नाही, विहिरीकडे जाणं नाही. पुढं पुढं खुर्चीतून उठणंही जिवावर यायला लागलं. चक्कर दिवसातून एखाद्या वेळी यायची. भीती मात्र मुक्कामालाच होती. ‘आत्ता येईल, आत्ता येईल’ असं करत मी अंगाला काठीसारखं ताठ करून बसलेली असायचे, आणि मग मान आखडायची, डोकं जड व्हायचं, की वाटायचं, बघ, सुरू झालं.

विमलबाईंनी रेखाला फोन केला. मला न विचारता. बरं केलं.

जळगाव

दवाखान्यात घातलं की माणूस आपलं राहत नाही. बांगड्या काढल्या, लुगडं गेलं, त्यांचा तो मागून बांधायचा झगा आला. हाताला सलाइन. रक्त नेलं, छातीची पट्टी काढली, साखर बघितली. ज्यानं त्यानं येऊन विचारावं, ‘काय होतं आजी?’ आणि मी ‘चक्कर येते’ म्हटलं की लिहून घेऊन पुढं जावं.

बाजूच्या खाटेवर एरंडोलची एक बाई होती. तिलाही चक्कर. पण तिची वेगळी. तिची खोली फिरायची नाही. उठून उभी राहिली की डोळ्यांपुढं अंधारी यायची आणि ती खाली कोसळायची. बीपीच्या गोळ्या जास्त, त्यात कडक उपास, पाणी कमी, असं तिचं निघालं. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की आपण ज्या एका शब्दानं सांगतो त्यात किती वेगवेगळे आजार बसलेले असतात. तिची गोळी बदलली आणि ती दोन दिवसांत चालायला लागली. जायच्या आधी माझ्यामागं बसून तिनं माझे केस विंचरले, हळूहळू, डोकं न हलवता. ‘तुमचं पण निघेल काहीतरी,’ म्हणाली. मला ते ऐकून बरं वाटावं की भीती वाटावी, कळेना.

मग डोक्याचा फोटो काढायचा ठरला. त्या यंत्रात उताणं झोपावं लागतं, सपाट, उशीशिवाय. मला कुणी हे आधी सांगितलं नव्हतं. पांढऱ्या बोगद्यासमोरची ती फळी बघितली आणि मी दाराची चौकट धरली.

‘मी झोपणार नाही.’

‘आजी, थोडाच वेळ आहे.’

‘मला झोपवू नका. मी मरेन.’

रेखाला बाहेर थांबवलं होतं. फळीवर टेकवल्या टेकवल्या छत फिरायला लागलं, आणि माझ्या तोंडून माहेरची बोली बाहेर पडली. इतकी वर्षं रावेरकडे काढून जी मी विसरले असं वाटत होतं, ती अहिराणी. ‘बठ्ठं फिरी राह्यनं. माले धर. माले धर.’ सगळं फिरतंय, मला धर.

तिथली नर्स माझ्या माहेरच्या बाजूची, साक्रीकडची निघाली. तिनं माझा पाय धरला, घोट्यापाशी, घट्ट. ‘मी शे ना आठे, अक्का,’ म्हणाली. ‘मी आठेच शे.’ मी इथंच आहे. यंत्र ठोकल्यासारखं वाजत होतं आणि त्या आवाजाखाली माझ्या घोट्यावर तिचा हात होता. बाकी काही आठवत नाही. तिचं नावही विचारायचं राहिलं.

रिपोर्ट चांगला आला. मेंदूत काही नाही, रक्तात काही नाही, हृदय ठीक. रेखा आनंदानं रडली. मी नाही रडले. काही सापडलं असतं तर त्याला नाव असतं, औषध असतं. काहीच नाही म्हणतात आणि खोली तर फिरते. मग हे आहे तरी काय? डॉक्टर गडबडीत होते. कानाच्या डॉक्टरांना दाखवून घ्या, असं कागदावर खाली लिहून दिलं होतं. पण आम्हाला वाटलं, मला ऐकू तर नीट येतं, कानाचा काय संबंध? त्यामुळे ते तसंच राहून गेलं.

रेखाच्या घरी

मला धुळ्याला नेलं. रेखाचं घर लहान. माझ्यासाठी आतली खोली दिली आणि जावईबापू हॉलमध्ये झोपायला लागले. एक शब्द बोलले नाहीत ते, पण सकाळी पाठीवर हात ठेवून उठताना मला दिसायचे.

रेखा नोकरी करते. तिनं सुट्या काढल्या, मग संपल्या. मला न्हाणीपर्यंत धरून न्यायचं, बाहेर उभं राहायचं, धरून आणायचं. मी तिचा हात इतका घट्ट धरायचे की तिच्या मनगटावर बोटं उमटायची. शेजारची म्हातारी यायची. ‘कशी शे व अक्का?’ विचारायची, आणि मी काही बोलायच्या आत तीच म्हणायची, ‘तसंच रहास म्हातारपण.’ म्हणजे म्हातारपण असंच असतं. तिला वाटायचं ती मला धीर देतेय.

एक दिवस दूध उतू गेलं, रेखाला ऑफिसला उशीर झालेला, आणि मी आतून हाक मारली, ‘रेखा, मला धर.’ ती आली. दारात उभी राहिली.

‘आई, आत्ताच तर आणून बसवलं तुला.’

‘उठायचंय.’

‘कशाला?’

‘बसून भीती वाटते.’

तिनं डोळे मिटले. ‘आई, मी पण माणूस आहे गं.’

त्यात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं.

त्याच आठवड्यात तिनं सांगितलं की नानांकडे एक केळीचा व्यापारी आला होता. पॅकिंगच्या कामाला येणाऱ्या माणसांसाठी त्याला गावात घर हवंय. माझं घर भाड्यानं मागतोय. ‘नाहीतरी बंदच आहे, आई. तू आता एकटी राहू शकत नाहीस. दिवाळी झाली की सामान आणून टाकू.’

जी बाई खुर्चीतून एकटी उठत नाही, ती घर मागणार कुठल्या तोंडानं? ‘तुला वाटेल तसं,’ म्हणाले. माझ्या चुलीपाशी परके लोक बसलेत, माझ्या देवळीत त्यांच्या विड्या ठेवल्यात, असं दिवसभर डोळ्यांसमोर येत राहिलं. चक्कर तरी थांबायची. हे थांबेना.

डॉक्टरांनी पाडलं मला

जळगावचा तो कागद जावईबापूंनी पुन्हा वाचला. ‘कानाच्या डॉक्टरांना दाखवा असं लिहिलंय, आपण दाखवलंच नाही,’ म्हणाले. म्हणून गेलो. आशा काही नव्हती.

धुळ्यातले ते डॉक्टर रेखाच्याच वयाचे. त्यांनी आधी फायली बाजूला ठेवल्या. ‘अक्का, चक्कर म्हणजे नेमकं काय होतं? उठताना अंधारी येते? चालताना झोक जातो? की खोली फिरते?’

‘खोली फिरते.’

‘कधी?’

‘आडवी झाले की. कुशीवर वळले की. वर बघितलं, वाकले, की.’

‘किती वेळ?’

‘आता जीव जातो असं वाटेपर्यंत. मग थांबते.’

ते हसले नाहीत, हे मला आवडलं. भावाच्या लकव्याचं विचारलं, हात वर धरायला लावले, बोलायला लावलं, चालायला लावलं. मग म्हणाले, ‘मी आता तुमची मान वळवून तुम्हाला पटकन मागं झोपवणार. चक्कर येईल. मुद्दाम आणायची आहे. डोळे मिटायचे नाहीत, मला तुमचे डोळे बघायचेत.’

मी टेबलावरून उतरायलाच लागले. रेखा म्हणाली, ‘आई, एकदाच.’ मी डॉक्टरांचा शर्ट मुठीत धरला. ‘सोडू नका.’

‘तुम्हीच धरलंय मला,’ ते म्हणाले, आणि मागं झोपवलं.

ते सगळं आलं. छत, भिंत, पुन्हा छत. मी ओरडले. बाहेर बसलेले लोक उठून उभे राहिले असतील. डॉक्टर माझ्या तोंडावर वाकून शांतपणे बघत होते. ‘दिसलं,’ म्हणाले. ‘हेच आहे. थांबेल आता.’ थांबलं. मग त्यांनी डोकं तसंच धरून दुसरीकडे वळवलं, थांबले, मला त्या कुशीवर केलं, नाक जमिनीकडे, पुन्हा थांबले, आणि हळूच उठवून बसवलं.

मग समजावून सांगितलं. कानाच्या आत खोलवर तोल सांभाळायची जागा असते. ऐकण्याशी तिचा संबंध नसतो. तिथं वाळूच्या कणांसारखे बारीक खडे असतात. वयानं, कधी मार लागल्यानं, कधी उगाचच, ते जागा सोडून भलत्या नळीत शिरतात. मग डोकं हललं की ते घरंगळतात आणि बाई फिरतेय असं मेंदूला खोटंच कळवतात. त्यांनी माझं डोकं फिरवून ते खडे परत त्यांच्या जागी लोटले होते. गोळ्यांनी ते जागेवर जात नाहीत. ‘हा लकवा नाही, अक्का. याला भिऊन बसू नका.’

मी विचारलं, ‘देवीचा कोप?’

‘देवीकडे तेवढा वेळ नसेल,’ ते म्हणाले. तेव्हा मी रडले.

कान बरा, मी नाही

पुढच्या वेळी गेले तेव्हा त्यांनी पुन्हा झोपवून बघितलं. खोली हलली नाही. कान बरा झाला होता. खडे पुन्हा सुटू शकतात म्हणून डोकं फिरवायची ती रीत त्यांनी माझ्याकडूनही करून घेतली.

पण घरी येऊन मी पुन्हा भिंतीशी उशा लावून बसले.

हे कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगते. आजार निघून गेला तरी भीती उठून जात नाही. डोकं टेकवायची वेळ आली की हातपाय गार पडायचे. रेखा चिडली. ‘डॉक्टर म्हणाले ना बरी झालीस?’ मी म्हणायचे, ‘डॉक्टरांना काय, त्यांची खोली नाही फिरत.’

डॉक्टरांनी व्यायाम शिकवायला एका बाईंकडे पाठवलं. अंगठा समोर धरायचा, त्याच्याकडे बघत मान हलवायची. भिंतीजवळ उभं राहून डोळे मिटायचे. सुरुवातीला ओकारी यायची. ‘येऊ द्या,’ त्या म्हणायच्या. ‘थोडी चक्कर आली पाहिजे, म्हणजे मेंदू सवय करून घेतो. तुम्ही ताठ बसून राहिलात तर तो कधीच शिकणार नाही.’ मी रोज केलं. रोज भीत भीत केलं. भीती जायची वाट बघत बसले असते तर अजून तिथंच असते.

एवढं ऐक

आता मधेच एक सांगून टाकते, कारण तू माझं वाचून ‘मलाही खडेच असतील’ म्हणून घरी डोकं फिरवत बसशील. तसं करू नकोस. चक्करेबरोबर बोलणं अडखळलं, तोंड वाकडं झालं, हातपायात बळ राहिलं नाही, एकाचं दोन दिसायला लागलं, उभंच राहता येईना, डोकं फुटेल असं दुखलं, छातीत दुखलं, शुद्ध गेली, किंवा एका कानानं एकाएकी ऐकू येईनासं झालं, तर नातेवाइकांना फोन करत बसायचं नाही, लगेच मोठ्या दवाखान्यात. तिथं वेळ घालवला तर परत मिळत नाही.

आणि तसं नसेल तरी एकदा नीट तपासून घे. डॉक्टरांना नुसतं ‘चक्कर’ म्हणू नकोस. खोली फिरते की अंधारी येते, कशानं येते, किती टिकते, कुठल्या गोळ्या चालू आहेत, उपास किती करतेस, सगळं सांग. चक्करेच्या गोळ्या कुणी सांगितल्याशिवाय महिनोन्‌महिने खात राहू नकोस, मी त्या झापडीत किती दिवस घालवले. उठताना आधी पलंगाच्या कडेला जरा बसायचं, मग उभं राहायचं. पाणी पीत जा. न्हाणीला आतून कडी लावू नकोस, लाज वाटली तरी. आणि कुणाला तरी सांग. एका माणसाला तरी.

दुपार

दिवाळी झाली. सामान आणायला आम्ही दोघी गावी आलो. व्यापारी संध्याकाळी किल्ली घ्यायला येणार होता. घर उघडलं तर बंद घराचा तो वास आला. मी भिंत न धरता आत गेले, हे रेखानं बघितलं. गोणपाटं काढायला लागली.

‘रेखा,’ मी म्हणाले, ‘मला इथंच राहायचंय.’

तिनं हातातलं गोणपाट खाली ठेवलं. ‘आई, तू माझ्याकडे अजून बसून झोपतेस. इथं एकटी असताना पडलीस तर? मी तिकडे ऑफिसात बसून काय करू?’ मग म्हणाली, ‘मला तू आडवी झालेली दिसू दे. आणि आपल्या आपण उठलेली. मग मी काही म्हणणार नाही.’

विमलबाई चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी कप खाली ठेवले.

मी पलंगावर बसले. भरदुपार, सगळीकडे उजेड, तरी आधी पलंगाची कड चाचपून बघितली. पाय वर घेतले. उजवीकडे मान वळवली, आणि गेले मागं.

खोली फिरली.

खडे पुन्हा सुटले होते. नेमके तेव्हाच. पंखा घसरायला लागला, पोट वर आलं, आणि तोंडात शब्द आले, मला धर. ते मी दातांमागं अडवून ठेवले. दारातून रेखाच्या पावलाचा आवाज आला, आणि विमलबाईंचा दबका आवाज, ‘राहू दे. उठू दे तिले.’

मी डोळे मिटले नाहीत. छताच्या पत्र्याला एक खिळा आहे, तो धरून ठेवला डोळ्यांनी. तो पळायचा, मी परत आणायचे. पळायचा, परत आणायचे. ही मी मरत नाहीये, हे खडे घरंगळतायत, असं मनात म्हणत राहिले. खिळा मंदावला. मग जागेवर बसला. तेव्हा शिकवलं होतं तसं डोकं दुसरीकडे वळवलं, थांबले. कुशीवर झाले, नाक गादीकडे, थांबले. मग कोपरावर जोर देऊन उठून बसले. पाय खाली सोडले.

घाम पाठीवरून ओघळत होता. रेखाच्या हातात ओढणीचा बोळा झाला होता.

‘आली होती ना?’ तिनं विचारलं.

‘आली होती.’

‘मग?’

‘मग गेली.’

ती माझ्याकडे बघत राहिली, डॉक्टरांनी बघितलं होतं तशी, डोळ्यांत. मग तिनं फोन उचलला आणि बाहेर ओट्यावर गेली. ‘नाना, त्या व्यापाऱ्याला नाही म्हणून सांगा,’ एवढंच मला आत ऐकू आलं. विमलबाई म्हणाल्या, ‘चहा निवला व. दुसरा टाकते.’

त्या दिवसापासून मी इथंच आहे. रेखा रोज सकाळी फोन करते, आणि मी उचलायला उशीर केला की विमलबाईंना करते. खडे अजून कधीमधी सुटतात. सुटले की मी करायचं ते करते, आणि नाहीच थांबलं तर धुळ्याला जाऊन येते. भीती गेली असं खोटं सांगणार नाही. रोज आडवी होताना एक क्षण श्वास अडकतो. अडकू दे. तरी होते आडवी.

आता तू ये. फोनवर नको, ये. आधी दवाखान्यात दाखव, मग ये. वाटेत भीती वाटली तर कुणाला तरी बरोबर घे, आणि गाडीत पुढं बस, समोर बघत. रावेरच्या स्टँडवर उतर, तिथून आमच्या गावाची गाडी मिळते. उन्हं फार तापायच्या आत ये. आणि लवकर ये. मी घरीच असते.